सॅडल पीकला जायचं तर समुद्रानं जा

दिवाळीच्या आसपास आमच्या ट्रेकिंग ग्रुपमधल्या कुठल्या तरी पोरांचा फोन हमखास येतो. "काका, तुम्ही अंदमानात सॅडल पीक केलंय ना? माहिती हवी होती." मग वाटाड्या मिळतो का, जळवा किती, पाणी वाटेत आहे का, कासवं कधी दिसतात, असे प्रश्न सुरू होतात. हल्ली मी उत्तरं देण्याआधी एकच विचारतो. "दिगलीपूरला जाणार कसे?" दिगलीपूर हे सॅडल पीकजवळचं गाव. पोरं म्हणतात, "गाडी ठरवलीय. सकाळचा कॉन्व्हॉय पकडायचा." कॉन्व्हॉय म्हणजे पोलिसांच्या पहाऱ्यात सुटणारी गाड्यांची रांग. तिथं मी त्यांना थांबवतो, आणि मग तासभर तरी फोन चालतो. त्या तासाभरात जे बोलतो, ते एकदा नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी त्या डोंगराविषयी, कारण तिथं जाऊच नका असं मला मुळीच म्हणायचं नाही. सॅडल पीक हे अंदमान-निकोबारमधलं सर्वांत उंच शिखर, ७३२ मीटर. आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहून कमी. आकडा ऐकून आमच्यातल्या एकानं दुपारच्या जेवणाला परत येऊ असं जाहीर करून टाकलं होतं. पण इथं चढाई खरोखर समुद्रसपाटीपासून सुरू होते. लामिया बेच्या चौकीवर वनखात्याकडे नोंद करायची, वाटाड्या सोबत घ्यायचा आणि पहिले काही किलोमीटर किनाऱ्यानंच चालायचं. डाव्या हाताला समुद्र, उजवीकडे जंगलाची भिंत, पायाखाली लाटांनी गुळगुळीत केलेले धोंडे. मग एका ओहोळाशी वाट आत वळते आणि उजेड एकदम कमी होतो. जाऊन-येऊन सोळा किलोमीटर. सह्याद्रीत सोळा किलोमीटरचं आम्हाला काही वाटत नाही, पण त्या दमट हवेत पहिल्या तासातच अंगातला शर्ट पिळून काढावा लागला. वेताच्या काटेरी वेली, निसरडी मुळं, बुटावर चढणाऱ्या जळवा, आणि अंधार पडायच्या आत खाली यायलाच हवं ही वाटाड्याची सक्त ताकीद.

एका ठिकाणी त्यानं हात वर करून आम्हाला थांबवलं. वरून ठाक ठाक ठाक आवाज येत होता. पूर्ण काळा, डोक्यावर तेवढा लाल तुरा असलेला सुतारपक्षी वाळक्या खोडावर घाव घालत होता आणि सालीचे तुकडे आमच्या खांद्यांवर पडत होते. हा अंदमानी सुतार जगात या बेटांखेरीज कुठेही नाही. अंदमानचा सर्पगरुड, अंदमानचं रानकबूतर यांचंही तेच. मुख्य भूमीपासून शेकडो किलोमीटर दूर पडलेल्या या तुकड्यांवर हजारो वर्षांत जे घडलं, ते दुसरीकडे कुठे शिल्लक नाही. म्हणून तिथलं जंगल आपल्याकडच्या जंगलापेक्षा नाजूक. वाघ नाही, बिबट्या नाही. हरीणही मुळात नव्हतं. इंग्रजांनी शिकारीसाठी चितळ आणून सोडले. त्यांना खाणारं कुणी नव्हतं, ते पोहत पोहत बेटामागून बेटावर पसरले आणि आज जमिनीलगतची कोवळी रोपं फस्त करतायत. आपल्याला गोजिरवाणं दिसणारं चितळाचं पाडस तिथल्या वनस्पतींच्या मुळावर आलंय. बाहेरून आलेली एक गोष्ट बेटावर काय करू शकते, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. पुढच्या मजकुरासाठी ते लक्षात असू द्या.

हे राष्ट्रीय उद्यान आहे तरी केवढं? बत्तीस-तेहतीस चौरस किलोमीटर. नकाशावर पाहिलं तर दक्षिण आणि मध्य अंदमानच्या पश्चिम अंगाला त्याच्या तीसपट मोठा सलग हिरवा पट्टा दिसतो, हजाराहून अधिक चौरस किलोमीटरचा. तो जारवा या आदिवासी जमातीचा राखीव प्रदेश. उरलेल्या अंदमानात १८८३ पासून चॅथमची सरकारी लाकूड गिरणी चालली, पडौक आणि गर्जनची झाडं पिढ्यान् पिढ्या तोडून नेली गेली, वसाहती आल्या, भातशेती आली. जारवांच्या हद्दीत मात्र कुऱ्हाड शिरू शकली नाही, कारण जारवांनी तीरकमठे घेऊन ती शिरू दिली नाही. तिथं जंगल राखायला वनरक्षक लागला नाही की अधिसूचना. आज ज्याला आपण अंदमानचं मूळ जंगल म्हणतो, त्यातला मोठा वाटा या काहीशे माणसांनी जीव देऊन आणि घेऊन सांभाळलेला आहे.

आणि सॅडल पीक बघायला निघालेला आपला निसर्गप्रेमी माणूस रस्त्यानं जातो, तो नेमका त्यांच्या घरातून.

अंदमान ट्रंक रोड पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमहून, उत्तरेला दिगलीपूरपर्यंत जातो. त्यातला जिरकाटांगपासून मिडल स्ट्रेटपर्यंतचा पन्नासेक किलोमीटरचा टप्पा जारवा राखीव प्रदेशाला चिरत जातो. ठरलेल्या वेळी फाटक उघडतं आणि गाड्यांची रांग पोलिसांच्या पहाऱ्यात आत सोडतात. थांबायचं नाही, काच उघडायची नाही, फोटो काढायचा नाही, काही द्यायचं नाही.

पहिल्या खेपेला आम्हीही त्याच रांगेत होतो. पहाटे तीनला उठून, डोळे चोळत. आमच्या मिनीबसच्या चालकानं फाटकापाशी मागे वळून सांगितलं, "दिख गये तो दिख गये, गॅरंटी नहीं." व्याघ्रप्रकल्पात जिप्सीचा चालक म्हणतो ना, अगदी त्याच सुरात. अर्ध्या तासानं एका वळणावर गाडीचा वेग कमी झाला. रस्त्याच्या कडेला दहा-बारा वर्षांचा मुलगा उभा होता. कमरेला लाल धागा, हातात काहीच नाही. बसमध्ये एकदम "अरे, अरे, तिकडे" झालं. सगळे उजव्या खिडक्यांकडे सरकले, गाडी त्या बाजूला कलली. दोघा-तिघांचे मोबाईल वर झाले. आणि मीही उठलो होतो. मोबाईल काढला नाही, पण उठून, मान उंचावून पाहिलं. त्या मुलानं आमच्याकडे पाहिलं ते कुतूहलानं नव्हे. रोज तीच रांग पाहणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलं. दोन-तीन सेकंदांचा प्रसंग. पुढे सॅडल पीक झालं, रॉस आणि स्मिथ बेटांमधल्या वाळूच्या पट्ट्यावरून चाललो, सगळं झालं. पण त्या सहलीतलं काय आठवतं असं कुणी विचारलं, तर मला आधी तो मुलगा आठवतो, आणि मी त्याच्याकडे कसं पाहिलं ते आठवतं. त्याची लाज अजून गेलेली नाही.

"आम्ही तर नुसते जातो, कुणाला त्रास देत नाही," असं पुष्कळ जण मनापासून म्हणतात. त्यांना इतिहास सांगावासा वाटतो. १८५८ मध्ये इंग्रजांनी अंदमानात कैद्यांची वसाहत वसवली, तेव्हा ग्रेट अंदमानी जमातींची माणसं काही हजारांत होती. तेव्हाही पुष्कळसं नुसतं येणं-जाणंच होतं. १८७७ मध्ये गोवराची साथ आली, त्याआधी आणि नंतरही इतर रोग आले. १९६१ च्या जनगणनेत त्यांची संख्या १९ भरली. एकोणीस माणसं. जारवांनी बाहेरच्यांशी स्वतःहून मैत्रीचा संबंध सुरू केला तो १९९७-९८ च्या सुमारास, आणि १९९९ मध्येच त्यांच्यात गोवर पसरला. आपल्या घरात जो आजार लस टोचून मिटतो, तो तिथे एक अख्खं कूळ संपवू शकतो. बसमधला एक खोकणारा प्रवासी किंवा खिडकीतून फेकलेला अर्धा बिस्किटपुडा तिथं क्षुल्लक राहत नाही.

कायदा याबाबत मुका नाही. १९५६ चा आदिम जमाती संरक्षण विनियम आहे, २०१२ मध्ये तो आणखी कडक झाला. ७ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शेखर सिंह आयोगाच्या शिफारशी मान्य करून एक आदेश दिला. त्यात राष्ट्रीय उद्यानं आणि आदिवासी राखीव प्रदेशांतली वृक्षतोड थांबवा, असं होतं आणि ट्रंक रोडचा राखीव प्रदेशातून जाणारा भाग बंद करा, असंही होतं. झाडांविषयीचा भाग बऱ्याच अंशी पाळला गेला. आज आपण सॅडल पीकला जे जंगल बघतो, त्याला त्या आदेशाचाही हातभार आहे. माणसांविषयीचा भाग मात्र तसाच राहिला. दहा वर्षांनी, २०१२ च्या जानेवारीत, पर्यटकांसमोर जारवा स्त्रियांना नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गाजली आणि देशाची मान खाली गेली. २०१३ च्या जानेवारीत न्यायालयाच्या अंतरिम आदेशानं पर्यटकांची वाहतूक थांबली, मार्चमध्ये ती बंदी उठली आणि रांगा पुन्हा सुरू झाल्या. एकाच निकालपत्रातली झाडं आपण वाचवली आणि माणसांकडे कानाडोळा केला. जंगलावर प्रेम करणाऱ्या माणसाला तरी हे बोचायला हवं.

आता यावर जे आक्षेप येतात, ते मी हलके मानत नाही.

पहिला आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप तिथल्या रहिवाशांचा. दिगलीपूर, मायाबंदर, रंगत इथं हजारो कुटुंबं राहतात. बरीचशी पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची. सरकारनं त्यांना १९५० च्या दशकात तिथं जमीन देऊन वसवलं. जंगलतोडीसाठी छोटा नागपूरहून आणलेले मजूर आहेत, १९२५ पासून मायाबंदरजवळ राहणारे ब्रह्मदेशातले करेन आहेत. त्यांचा रुग्ण, त्यांची कॉलेजला जाणारी मुलगी, त्यांची भाजी याच रस्त्यानं राजधानीत जाते. आमचा वाटाडा असाच तिसऱ्या पिढीतला बंगाली. त्यानं मला सरळ विचारलं, "दादा, मेरी माँ को रात में अटॅक आया तो जहाज का टाइम देखूँ क्या?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. रस्ता सगळ्यांसाठी आज बंद करा असं पुण्या-मुंबईत बसून सांगण्याचा मला अधिकार नाही. न्यायालयाचा आदेश आहे, त्यावर प्रशासनानं आणि तिथल्या लोकांनी मार्ग काढायचा आहे.

पण आपण, म्हणजे पर्यटक, त्या माणसाच्या आईच्या आड लपतो, हे मला मान्य नाही. रुग्णवाहिका आणि सहलीची मिनीबस यांची गरज एक नाही. आपल्याला कुठेही तातडीनं पोहोचायचं नसतं. कॉन्व्हॉयमधले कितीतरी पर्यटक तर दिगलीपूरला जातही नाहीत. ते बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी बघून त्याच दिवशी त्याच रस्त्यानं परत येतात, म्हणजे एका दिवसात राखीव प्रदेश दोनदा ओलांडतात. रहिवाशांच्या गाड्या राहू द्या, पर्यटकांच्या बंद करा. एवढा फरक करायला नवा पूल लागत नाही की नवा रस्ता. फाटकावर ओळखपत्र आजही तपासतातच.

दुसरा आक्षेप म्हणजे पर्यटक थांबले तर उत्तरेकडच्या लोकांचं पोट कसं भरणार? हा प्रश्न खरा आहे, पण पर्यटक थांबावेत असं मी म्हणतच नाही. ते समुद्रानं यावेत. राजधानीहून दिगलीपूरजवळच्या एरियल बेला बोट जाते. बाराटांगही समुद्रमार्गानं गाठता येतं. दुसऱ्या खेपेला आम्ही बोटीनं गेलो. खोटं कशाला बोलू, ते सोपं नव्हतं. नेमकी कुठल्या दिवशी बोट आहे ते ऐनवेळी कळलं, तिकिटासाठी सकाळी रांगेत उभं राहावं लागलं, आणि रात्री समुद्र खवळल्यावर आमच्यातले दोघे पहाटेपर्यंत डेकच्या कठड्याला धरून होते. पण तीच माझी मागणी आहे. बेटांच्या पर्यटनावर कोट्यवधी रुपये खर्च करायचे तर ते या बोटींवर करा. आठवड्याचं पक्कं वेळापत्रक, आगाऊ आरक्षण, रहिवाशांच्या जागांना हात न लावता पर्यटकांसाठी वेगळा कोटा. बोट चांगली झाली तर ती त्या वाटाड्याच्या आईच्याही उपयोगाची. रस्त्याच्या रांगेत आणखी शंभर मिनीबस घातल्यानं तिचं काहीच भलं होत नाही.

बोटीचा आणखी एक फायदा असा, की ती आपोआप मर्यादा घालते. जेवढ्या जागा, तेवढीच माणसं. बत्तीस चौरस किलोमीटरच्या उद्यानाला अशी मर्यादा हवीच आहे. आपल्याकडे कासच्या पठारावर रोज तीन हजार माणसांची मर्यादा घालावी लागली, तीही फुलं तुडवली गेल्यानंतर. शनिवार-रविवारी सह्याद्रीतल्या कुठल्याही नावाजलेल्या धबधब्यावर काय होतं, ते आपण पाहतो. सॅडल पीकची एक पायवाट आहे. तिच्यावर आमच्यासारखे सहा-सहा जणांचे पाच गट एका दिवशी गेले, तर तो सुतारपक्षी तिथं थांबणार नाही.

निर्बंध लोक पाळत नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी अंदमानातच वांडूरला जाऊन यावं. तिथल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात जॉली बॉय बेटावर जाताना धक्क्यावरच प्लास्टिक काढून घेतात. पाण्याची बाटली हवी तर अनामत भरून न्यायची आणि परत आणून दाखवायची. प्रवाळांना विश्रांती मिळावी म्हणून हे बेट वर्षातले काही महिने बंद असतं. माझ्या डोळ्यांदेखत चाळीस जणांच्या एका मराठी ग्रुपनं मुकाट्यानं पिशव्या रिकाम्या केल्या. वेफर्सची पाकिटं, फरसाण, पोरांचे रंगीत स्ट्रॉ, सगळं. कुणी वाद घातला नाही. नियम सगळ्यांना सारखा असला आणि फाटकावर खरंच तपासला गेला, तर आपली माणसं तो पाळतात.

आपल्या माणसांविषयी मी मुद्दाम बोलतोय. अंदमानात मराठी पर्यटक प्रचंड संख्येनं जातात. सेल्युलर जेल आपल्यासाठी तीर्थस्थान आहे. सावरकरांची कोठडी बघून डोळे पुसत बाहेर पडणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यात माझी आईही होती. बंदिवासाचा अर्थ ज्या समाजाला इतका आतून कळतो, त्यानं दुसऱ्या दिवशी पहाटे उठून कुणाच्या तरी घरातून रांगेनं, काचेआडून त्या घरातली माणसं बघत जावं, हे मला सोसत नाही. पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेतला 'बाराटांग, जंगलातून प्रवास' हा दिवस आपण ग्राहकांनीच नाकारला, तर तो आपोआप गळेल. त्यासाठी न्यायालयाची वाट बघावी लागत नाही.

आणि त्या दिवसाच्या बदल्यात काय मिळतं, ते कालीपूरला जाऊन बघा. सॅडल पीकच्या पायथ्याजवळचा हा काळसर वाळूचा किनारा. डिसेंबर ते फेब्रुवारीत इथं समुद्री कासवं अंडी घालायला येतात, आणि तीही चार जातींची: ऑलिव्ह रिडले, हिरवं कासव, हॉक्सबिल आणि सर्वांत मोठं लेदरबॅक. वनखात्याची माणसं रात्री किनारा फिरून घरटी शोधतात, अंडी कुंपणात हलवतात, कारण भटकी कुत्री वाळू उकरून ती खातात. कुत्रीही माणसांमागून आलेली. जिथं उष्टं-खरकटं पडतं, तिथं ती वाढतात. हे सगळं ऐकताना मला सारखं आपलं वेळास आठवत होतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या त्या छोट्या गावानं कासवांसाठी येणाऱ्या पाहुण्यांना घराच्या पडवीत झोपवलं, उकडीचे मोदक खाऊ घातले, आणि अंडी चोरण्यापेक्षा राखण्यात जास्त मिळकत आहे हे सिद्ध केलं. कालीपूर, रामनगरमध्ये हे व्हायला काय हरकत आहे? आम्ही राहिलो त्या घरी मालकिणीनं केळीच्या पानावर माशाचं कालवण वाढलं आणि पैसे विचारल्यावर आधी नवऱ्याकडे पाहिलं. किती मागावेत हेच त्यांना अजून ठरवता आलं नव्हतं. दिगलीपूरला चार रात्री मुक्काम करणारे वीस पर्यटक त्या बाईला हवे आहेत. धूळ उडवत जाणाऱ्या दोनशे गाड्यांमधून तिच्या दारात कुणी उतरत नाही.

तिसरा एक आक्षेप वयस्कर मंडळींचा असतो: आम्हाला बोट झेपत नाही. हे समजू शकतं. पण सॅडल पीकची सोळा किलोमीटरची चाल ज्यांना झेपते, त्यांना एक रात्र डेकवर नक्की झेपेल. ज्यांना झेपत नाही, त्यांच्यासाठी राजधानीच्या आसपास वांडूर आहे, चिडियाटापूचं जंगल आहे, माउंट हॅरिएटचा, म्हणजे २०२१ पासूनच्या माउंट मणिपूरचा, डोंगर आहे. काहीतरी बघायचं राहून जातं, हे मान्य. माझंही नारकोंडम बेट राहिलं आहे. जगात फक्त तिथंच असणारा धनेश पक्षी मी कधीच बघणार नाही, कारण तिथं कुणी सहज जाऊ नये हेच योग्य आहे. त्याचं मला दुःख नाही.

पोरांना मी आता बोटीचं गणित सांगतो. सहलीला दोन दिवस जादा धरा. पोहोचल्याबरोबर धक्क्यावर जाऊन बोट विचारा, बाकीचा कार्यक्रम त्यानुसार बसवा. उलटीची गोळी बोट सुटायच्या अर्धा तास आधी घ्या. रात्री खाली झोपू नका, डेकवर चादर टाका. शेजारी बाळंतीण सुनेला भेटायला निघालेली एखादी आजी असेल, तिच्या डब्यातलं नाही म्हणू नका. आणि साडेचारलाच उठा. अंदमानात उजाडतं लवकर. आधी पाण्यावर राखाडी उजेड पसरतो, मग डावीकडे ढगांमधून दोन उंचवटे आणि मधली खोलगट पाठ हळूहळू वर येते, घोड्याच्या खोगिरासारखी. तेव्हा लक्षात येतं, या डोंगराचं नाव समुद्रावरून येणाऱ्या कुणीतरी ठेवलंय.